पाचवा रकाना

८ जानेवारी, गुरुवार

आज दुकानावरची पाटी उतरवली. मीच उतरवली, स्टुलावर चढून, कारण मास्तरला उंचीवर चक्कर येते. गृहशिस्त खात्याची दोन माणसं आली होती. एक हातात कागद धरून उभा, दुसरा नुसताच उभा. पाटीवर बाबांचं नाव होतं आणि त्याखाली माझं. उद्यापासून तिथे मास्तरचं लागेल. बाईच्या नावावर धंदा ठेवता येणार नाही असा हुकूम निघाला आहे. बाई 'घरगुती मदतनीस' म्हणून काम करू शकते म्हणे. बावीस वर्षं मी पुस्तकं बांधते आहे आणि आता माझ्याच दुकानात मी मदतनीस. मालक कोण, तर शाळेत गणित शिकवणारा माझा नवरा, ज्याने एकदा मला मदत करायची म्हणून खळ लावायला घेतली आणि स्वतःची बाही पुठ्ठ्याला चिकटवून बसला.

मी त्याला लग्नाच्या आधीपासून मास्तर म्हणते. तो मला कारागीर म्हणतो. माणसं गेल्यावर म्हणाला, "कारागीर, नाव कागदावर माझं. बाकी सगळं तुझंच."

"मग मालक, चहा टाका," मी म्हटलं. त्याने टाकला. शिलाईवाली मावशी, जी माझी सख्खी मावशी नाही पण बाबांच्या वेळेपासून इथे पुस्तकं शिवते, ती म्हणाली, "मालक झालात, आता सुईत दोरा ओवून दाखवा." त्याने खरंच प्रयत्न केला. सहाव्या वेळी जमलं. आम्ही तिघं खूप हसलो.

हसून झाल्यावर डोक्यात पुन्हा पाटीच येत राहिली. म्हणून उरलेल्या कागदांचा एक फॉर्म, पुस्तकात शिवतो तसा घडीचा जुडगा, दुमडून लिहायला बसले आहे. बाबा म्हणायचे, डोक्यात गर्दी झाली की कागदावर उतरव.

१९ जानेवारी, सोमवार

मोठं काम आलं. पाचशे वह्या, हिरवं कापड, पक्की शिलाई. 'मालकां'च्या नावाने आलं, गृहशिस्त खात्याकडून. नाही म्हणायची सोय नव्हती. छापील फॉर्मचे गठ्ठे दुपारी उतरले.

घड्या घालताना मी मजकूर सहसा वाचत नाही. हाडाची पट्टी फिरवायची, कडेला कड जुळवायची, पुढचा घ्यायचा. आज वाचला. प्रत्येक पानावर पाच रकाने आहेत. 'पत्नीचे बाहेर जाणे'. 'सोबत'. 'भेटलेली माणसे व बोलणे'. 'लेखन-वाचन'. आणि पाचवा, 'सहवास'. वही घरातल्या पुरुषाने भरायची आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी खात्याच्या खिडकीवर तपासून घ्यायची.

मावशीला वाचता येत नाही. तिने विचारलं, "पाचव्यात काय आहे गं? तू तिथेच अडकलीस."

"हवापाणी," मी म्हटलं.

"सरकारला आपल्याकडून हवापाणी कशाला हवं?" मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला खरं सांगावं लागलं. ती म्हणाली, "माझ्या घरी पुतण्या आहे. तो बाविशीचा. तो माझं काय लिहिणार, पाचव्यात?" मला हसू आलं आणि मी पुढचा फॉर्म घडीला घेतला.

संध्याकाळी मास्तरने नेहमीसारखा मागून येऊन माझ्या मानेवर हात ठेवला. माझी बोटं खळीने सुरकुतलेली असतात म्हणून माझे हात तो कधी धरत नाही, मानेवरच ठेवतो. मी दचकून बाजूला झाले. त्याची चूक काहीच नव्हती. मला एवढंच वाटलं, आता हे कुठेतरी लिहिलं जाईल.

२५ जानेवारी, रविवार

त्याला रकान्यांबद्दल सांगितलं. तो फॉर्म हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. गणितातलं चुकलेलं पायरीपायरीने तपासतो तसा चेहरा.

"मी असलं काही लिहिणार नाही," म्हणाला.

"कोरा ठेवलास तर मला सुधारवर्गाला नेतील. खाली टीप आहे, बारीक अक्षरात."

त्याने टीप वाचली. आज त्याने आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. मला त्याला थांबवायचं होतं, पण मी दारातून बाजूला झाले. कदाचित बरंही वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण इथे नाही लिहिलं तर कुठे लिहू?

२ फेब्रुवारी, सोमवार

वह्या वाटल्या. मास्तरला त्याची मिळाली. माझ्याच हातची, शिलाई मावशीची. मास्तरने ती टेबलावर ठेवली आणि आम्ही दोघं तिच्याकडे, घरात अनोळखी पाहुणा येऊन बसावा तसे बघत राहिलो.

बायकांनी सोबतीशिवाय घराबाहेर जायचं नाही, हाही हुकूम आजच आला. मावशीला आता पुतण्या आणून सोडणार. कोपऱ्यावर चौकी बसली. दुकानाच्या काचेतून दिसते. खुर्ची, छत्री, आणि खाली एक शिपाई.

पण मीही काही कमी नाही. मोठ्या कामात पाच-सात नग जास्तीचे करावेच लागतात, खराब निघतात म्हणून. त्यातला एक मी मोजणीत खराब दाखवला. त्याची आतली पानं काढून टाकली आणि माझे हे लिहिलेले फॉर्म, पुढचे कोरे घालून, त्याच हिरव्या कापडात बांधले. आता माझी वही बाहेरून त्यांच्या वहीसारखीच दिसते. सरकारी कापडाच्या आत मी बसले आहे. कोण उघडायला जातंय? आज कित्येक दिवसांनी स्वतःवर खूश आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मास्तर बदलतो आहे. घरात आला की पहिला प्रश्न, "कुठे गेली होतीस? कोणी आलं होतं?" आवाज मोठा, शेजारी ऐकू जाईल असा. मी म्हटलं, "कुठे जाणार, स्वयंपाकघरातून मोरीपर्यंत जाऊन आले." तो हसला नाही. वही काढून खाली मान घालून लिहीत बसला. पूर्वी जेवताना शाळेतल्या गमती सांगायचा. आता ताटात बघून जेवतो.

त्यात त्याला खोकला लागला आहे. दुकानातून वर घरात येणाऱ्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीपासून सुरू होतो आणि वर पोचला की थांबतो. औषध दिलं तर घेत नाही. म्हणतो, चढामुळे होतं. अकरा पायऱ्यांचा कसला आलाय चढ!

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

तपासनीस बाई येऊन गेल्या. माझ्याच वयाच्या, स्वच्छ इस्त्रीच्या कपड्यातल्या, आवाज मऊ. घरभर फिरल्या. बाहेरच्या खोलीतलं अंथरूण मास्तरने सकाळीच गुंडाळून ठेवलं होतं, नशीब.

"पाचवा रकाना नियमित भरता ना?"

"हो," मास्तर म्हणाला.

"बाई, तुम्ही सांगा."

"हो," मी म्हटलं. कित्येक आठवड्यांत आम्ही दोघं एकच गोष्ट बोललो, ती ही. आणि ती खोटी.

मग त्यांची नजर फडताळावर गेली. शब्दकोश आणि नकाशांचं पुस्तक यांच्यामध्ये हिरवा कणा दिसत होता. माझी वही. मास्तरची त्याच्या पिशवीत होती. बाईंनी त्या कण्यावर बोट ठेवलं. "वही जागेवर ठेवता. चांगलं आहे," असं म्हणून त्यांनी बोट काढून घेतलं आणि निघाल्या.

मास्तर पांढराफटक पडला होता. त्या गेल्यावर तो खाली दुकानात जाऊन शिकंज्याचा दांडा धरून बसला. पुस्तकं दाबायचा तो शिकंजा त्याला आजवर कधी आवडला नव्हता. वर आल्यावर एवढंच म्हणाला, "फडताळ फार भरलंय. आवर जरा." माझा जीव जाता जाता राहिला आणि याला फडताळाच्या नीटनेटकेपणाची पडली आहे. रागाने सगळं उपसलं आणि माझी वही खाली, शिकंज्यामागच्या रद्दीत ठेवून दिली.

१२ मार्च, गुरुवार

मावशी तीन दिवस आली नाही. आज तिची शेजारीण नवऱ्यासोबत जाताना दुकानापाशी क्षणभर थांबली आणि दाराच्या फटीतून बोलली, ओठ न हलवता. मावशीला नेलं. पुतण्याने तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, काकू काय काय बोलते ते. गेल्या आठवड्यात मावशी इथे बसून म्हणाली होती, "खात्याच्या साहेबांना स्वतःच्या घरी कोणी विचारत नसणार, म्हणून दुसऱ्यांचं विचारत फिरतात." त्या वेळी दुकानात मी होते, आणि मास्तर होता.

मावशीचं अंगुस्तान इथेच राहिलं आहे. तिच्या अर्धवट शिवलेल्या पुस्तकावर. मी ते बोटात घालून पाहिलं. मोठं होतं.

ती घरी जाऊन पुतण्यासमोर तेच बोलली असेल का? का कोणी इथून सांगितलं? मला हे लिहायचं नाही, पण लिहिते. मला माझ्या नवऱ्याची भीती वाटायला लागली आहे.

१३ मार्च, शुक्रवार

त्याला विचारलं. सरळ विचारलं, "मावशीचं तू लिहिलंस?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझाच प्रश्न परत घ्यावासा वाटला. उठून खिडकी लावली आणि बाहेरच्या खोलीत गेला. नाही तर नाही म्हणायला काय जातं?

२३ मार्च, सोमवार

गेल्या सोमवारी हुकूम आला, बायकांकडचं लेखनसाहित्य जमा करायचं. पेनं, पेन्सिली, शाईच्या बाटल्या. चौकीवर पोतं ठेवलं होतं, त्यात मास्तर जाऊन टाकून आला. माझं बाबांचं पेनही त्यात गेलं. चौथा रकाना आता महत्त्वाचा झाला आहे, असं शाळेत मास्तरला सांगितलं म्हणे.

आठ दिवस वाटत होतं, आता काही लिहिता येणार नाही. पण आज जिन्याखाली झाडताना मास्तरची पेन्सिल सापडली. टोक केलेली. परवाही एक मोरीजवळ पडली होती. जो माणूस खडूचे तुकडेसुद्धा मोजून खिशात ठेवायचा, तो आता पेन्सिली सांडत फिरतो. निष्काळजी झाला आहे. माझ्या पथ्यावर पडलं.

३१ मार्च, मंगळवार

आज चाळिशी उलटली. कोणाला आठवण नाही. पूर्वी मास्तर फळ्यावर लिहून ठेवायचा, "कारागीर भागिले एक, बाकी शून्य," असलं काहीतरी निरर्थक, आणि मी खोटंखोटं चिडायचे.

आज जेवताना तो अचानक म्हणाला, "भाजी छान झाली." मी म्हटलं, "लिहिणार आहेस का?" बोलून गेले आणि मग त्याच्या हातातला घास तसाच राहिला. मला माझीच चीड आली. माझ्या मानेला त्याच्या हाताची सवय होती, ती मोडली आहे. तो जवळून गेला की अंग आपोआप आक्रसतं. हे त्यांनी केलं का मी केलं, कळत नाही.

५ एप्रिल, रविवार

उद्या पहिला सोमवार. मास्तर दुपारी वही घेऊन दुकानात आला. कणा सुटला होता. दिवसातून दहा वेळा उघडझाप केल्यावर दुसरं काय होणार? कणा सुटलेली वही दिसली की पानं बदलली असा संशय घेतात, गेल्या महिन्यात एकाला दोन दिवस बसवून ठेवलं होतं म्हणे.

"होईल?" त्याने विचारलं. कित्येक दिवसांनी त्याचा आवाज नेहमीचा वाटला.

"मालक, ते माझं काम आहे," मी म्हटलं. तो किंचित हसला. मी खळ शिजवली. तो शेजारी स्टुलावर बसून राहिला, नजर माझ्या हातांवर. मी वही उघडून वाचेन अशी भीती असणार. वाचायची इच्छाही नव्हती. कण्याला खळ भरली, नवी पट्टी बसवली, शिकंज्यात घातली आणि बजावलं, "उद्या अकराच्या आत उघडायची नाही. ओली असताना उघडलीस तर कणा मोडेल आणि माझ्याकडे परत यायचं नाही." तो हो म्हणाला. कामाच्या बाबतीत तो माझं सगळं ऐकतो, हे खरं.

तो वर गेल्यावर वाटीत निम्मी खळ उरली. फेकायला हात होईना. उरलेली खळ वाया घालवली की बाबा जेवायचे नाहीत. माझ्या वहीचा कणाही जरा ढिला झाला होता, म्हणून तीही काढली, भरली, आणि शिकंज्यात वरून ठेवून दांडा आवळला. हे लिहिते आहे ते सुट्या पानावर, सुकल्यावर आत घालीन.

शिकंज्यात एरवी दोन-तीन कामं असतातच, म्हणून वरून मास्तरने विचारलं, "सकाळी लवकर निघेन. माझी कुठली?"

"वरची," मी ओरडून सांगितलं. खाली खळीचं पातेलं घासत होते.

६ एप्रिल, सोमवार

आता दहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. हाही सुटाच कागद आहे. साडेदहाला कोपऱ्यावरचा शिपाई चहाला आत जातो आणि पाच-सात मिनिटं खुर्ची रिकामी असते. तोवर मला इथेच थांबायचं आहे.

मास्तर साडेनऊला गेला. मी दहाला शिकंजा सोडला, कालचं पान आत घालावं म्हणून. आत एकच वही होती. उघडली तर पाच रकाने.

माझी वही तो घेऊन गेला. मीच सांगितलं, वरची. या दुकानात गिऱ्हाइकाचं काम वर आणि घरचं खाली, हा बाबांचा नियम. बावीस वर्षं तोंडात बसलेलं. काल खळ उरली म्हणून माझी वही वर ठेवली आणि तोंडाने मात्र नियम बोलले. आणि तो उघडून बघणार नाही. मी बजावलं आहे ना, अकराच्या आत उघडायची नाही. तो पिशवीत धरून रांगेत उभा असेल, कणा जपत. खिडकी अकराला उघडते. पहिला उघडेल तो कारकून.

त्यात सगळं आहे. मावशी काय बोलली ते. अंथरूण बाहेर नेल्याचं. तपासनीस बाईंशी दोघं खोटं बोललो ते.

मग मी त्याची वाचली. मला वाचायला हवी होती, दोन महिन्यांपूर्वीच.

पहिल्या पानापासून चौथ्या रकान्यात एकच वाक्य. 'पत्नीला लिहिण्याची आवड नाही. हातात पेन धरलेले कधी पाहिले नाही.' जिन्याखालच्या पेन्सिली. तिसऱ्या पायरीवरचा खोकला. किती मठ्ठ आहे मी. त्याला पहिल्यापासून माहीत होतं आणि तो मला वही लपवायला उरलेल्या आठ पायऱ्यांचा वेळ देत होता.

मावशी साहेबांबद्दल बोलली त्या दिवशी, 'भेटलेली माणसे: कोणी नाही.' माझा प्रश्न त्याने कसा गिळला असेल?

आणि तिसऱ्या रकान्यात बोलणं. रोजचं. 'पत्नी म्हणाली, आज कांदे तिखट होते. मी म्हणालो, म्हणून तुझे डोळे लाल.' 'पत्नीने विचारले, पोरं वर्गात दंगा करतात का? मी म्हणालो, मीच करतो.' यातलं एक अक्षरही आम्ही बोललो नाही. आम्ही ताटात बघून जेवत होतो आणि तो नंतर बसून हे लिहीत होता. या वहीत एक जोडपं राहतं, ते रोज संध्याकाळी गप्पा मारतं. ३१ मार्चला त्या बाईचा वाढदिवस झाला. 'भाजी छान झाली होती. कारागीर हसली.' कारागीर लिहिलंय त्याने. पत्नी लिहायला विसरला.

पाचव्या रकान्यात दर शनिवारी 'होय'. अक्षर त्याचं नेहमीचं नाही. प्रत्येक 'होय' खाली पेन दाबून छिद्र पडलं आहे.

माझी वही उघडली की हे सगळं खोटं ठरेल, आणि मला नेतील ते नेतील, त्यालाही नेतील. शेजारच्या काकांना पाठवू का, असा विचार आला. पण त्यांच्याही घरी हिरवी वही आहे. त्यांची बायको मला दोन महिन्यांत दिसली नाही.

खात्यापर्यंत पंचवीस मिनिटं चालत. पळाले तर वीस. पळणारी बाई लगेच दिसते, म्हणून चालत जाईन. त्याची वही पदराखाली. रांगेत जाऊन म्हणेन, वही विसरलास, आणि त्याच्या पिशवीतली काढून घेईन. नवऱ्याची वही द्यायला आलेली बाई, निदान तेवढं तरी त्यांना पटेल. नाही पटलं तर नाही. मला फार भीती वाटते आहे. पण इथे बसून अकरा वाजलेले ऐकणं मला जमणार नाही.

कालची थोडी खळ वाटीत अजून ओली आहे. हे दोन्ही कागद, वरून आणून ठेवलेल्या शब्दकोशाच्या पुठ्ठ्याच्या आत, कोऱ्या पानाखाली चिकटवून जाते. पुस्तक दुरुस्तीला निघाल्याशिवाय ते कोणाला दिसणार नाहीत, आणि दिसलेच तर एखाद्या बाइंडरलाच दिसतील.

शिपाई उठला. छत्री मिटतो आहे. आजची ओळ मी भरते.

बाहेर जाणे: होय. साडेदहा.

सोबत: कोणी नाही.

भेटलेली माणसे व बोलणे: मास्तर. "कांदे तिखट नव्हते."

लेखन-वाचन: होय. दोन्ही.

सहवास: वेळेत पोचले तर.